सूर्यसत्त्वाची कैफियत

इ. स. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा मुलूख निजामाच्या अंमलातून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, आणि पुढे त्या मुलखाचे जे जिल्हे पाडण्यात आले त्यांपैकी अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, वऱ्हाडच्या सखल काळ्या पट्ट्यापेक्षा उंचावर वसलेला एक जिल्हा म्हणजे बाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणून ज्याला वत्सगुल्म म्हणत ते हेच नगर; परंतु इंग्रजी अमदानीत त्याच्या वाट्याला राजवैभव आले नाही, तर जमाबंदीचे दफ्तर, कोर्टकचेरी, एक दवाखाना आणि जनगणनेचे तक्ते एवढेच आले. त्या तक्त्यांवरून असे दिसते की, १९०१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली आणि ती दहा वर्षांपूर्वीच्या गणनेपेक्षा शेकडा अकरांनी कमी होती. मधल्या काळात १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ येऊन गेले होते. १९०५ साली सरकारने हा जिल्हाच मोडला, बाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला व पुसद यवतमाळला जोडले, आणि त्यानंतर जवळजवळ एक शतक लोटल्यावर, १ जुलै १९९८ रोजी, वाशीम हा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला.

जिल्हा मोडला आणि पुन्हा घडला, त्या अवधीत त्याच्या गावोगावी जी बालके श्वास लागून गेली त्यांचा हिशोब मात्र कोणत्याही दफ्तरात नीट सापडणार नाही. गावकामगारांनी जन्ममृत्यूची नोंद करून ती वर पाठवावी अशी सरकारी पद्धत होती. पण मृत्यूचे कारण लिहिणारा मनुष्य वैद्य नसल्यामुळे पटकी, देवी आणि प्लेग ही डोळ्यांना दिसणारी संकटे वगळली तर उरलेले बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच सदरात जमा होत. हिवतापाने गेलेला जाणता मनुष्य आणि न्यूमोनियाने गेलेले सहा महिन्यांचे मूल यांची गणना एकाच रकान्यात होई. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची लाट हिंदुस्थानभर पसरली आणि मुंबई इलाख्याबरोबर मध्यप्रांत व वऱ्हाड यांची तिने सर्वांत अधिक हानी केली, तेव्हा माणसे मरत होती ती मुख्यतः इन्फ्लुएन्झाच्या पाठोपाठ येणाऱ्या फुप्फुसदाहाने. परंतु गावच्या बुकात तोही पुष्कळ ठिकाणी तापच होता. ज्या शत्रूचे नावही दफ्तरी चढले नाही त्याच्याविरुद्ध मोहीम निघावी कशी?

घराघरांत मात्र या रोगाची ओळख पक्की होती. लेकराला डबा झाला, त्याचे पोट उडते, बरगडीखाली खळगा पडतो, ते अंगावर पीत नाही, ही लक्षणे वऱ्हाडातल्या कोणत्याही आजीने अचूक सांगितली असती. त्यावर ओव्याची पुरचुंडी शेकणे, छातीला तेल चोळणे, अंगारा लावणे आणि क्वचित तापल्या सळईने पोटाला डाग देणे, हे उपाय चालत. त्याच घरांत उन्हाशीही एक जुना व्यवहार होता. बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना काळोख्या खोलीत, शेगडीच्या उबेत आणि धुरीच्या वासात काढावा, आणि त्यानंतर न्हाऊमाखू घातलेल्या बाळाला अंगणात कोवळ्या उन्हात पायांवर घेऊन बसावे, ही रीत सर्वत्र होती. या रीतीचा पहिला भाग बाळाला धुराजवळ नेतो आणि दुसरा भाग त्याला सूर्याजवळ नेतो. आधुनिक वैद्यकाने पुढे या दोन्ही गोष्टींचा बालकाच्या छातीशी संबंध जोडला, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील इतिहासात वाशीमसारख्या उन्हाच्या मुलखाला काय स्वारस्य आहे ते ध्यानात येईल.

सूर्यप्रकाश आणि हाडे यांच्या संबंधाचा शोध थंड आणि धुरकट देशांत लागला, ही गोष्ट स्वाभाविकच होती. मुडदूस या रोगाचे सविस्तर वर्णन फ्रान्सिस ग्लिसन याने इंग्लंडात १६५० साली लिहिले. मऊ पडलेली हाडे, वाकलेले पाय, पुढे आलेले कपाळ आणि बरगड्यांच्या टोकांवर ओळीने उठलेल्या गाठी ही त्या रोगाची खूण. कारखान्यांच्या शहरांतील अरुंद गल्ल्यांत हा रोग इतका बोकाळला की, गरिबीबरोबर तो येणारच अशी समजूत झाली. जपानात मिशनरी वैद्य म्हणून काम करून परतलेल्या थिओबाल्ड पाम याने १८९० साली निरनिराळ्या देशांतील वृत्तान्त गोळा करून असे दाखविले की, आशियातील दरिद्री पण उन्हाने न्हालेल्या प्रदेशांत मुडदूस विरळा असतो, आणि म्हणून त्याचे मूळ अन्नापेक्षा सूर्यप्रकाशाच्या अभावात शोधले पाहिजे. त्याच्या या म्हणण्याकडे तीस वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील किरणांनी मुडदुसाची मुले बरी केली. त्याच सुमारास इंग्लंडात एडवर्ड मेलॅन्बी याने कुत्र्याच्या पिलांना आहाराने मुडदूस आणून कॉडमाशाच्या यकृताच्या तेलाने तो घालविला. एकाच रोगाला दोन भिन्न औषधे, एक आकाशातून आलेले आणि एक समुद्रातून आलेले, लागू पडत होती. १९२२ साली अमेरिकेतील मॅकॉलम याने तेलातील त्या गुणकारी द्रव्याला जीवनसत्त्व ड असे नाव दिले, आणि १९२४ साली स्टीनबॉक याने अन्नपदार्थांवर किरण टाकले असता त्यांतही हा गुण उतरतो असे सिद्ध केल्यावर सूर्य आणि समुद्र यांचा दुवा जुळला. त्वचेतील एका स्निग्ध द्रव्यावर ऊन पडले की शरीर स्वतःच हे सत्त्व घडविते, हा त्या सर्व खटपटीचा निष्कर्ष होय.

या वादाचा एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातून गेला, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नसते. हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिक येथे मुडदुसाची पाहणी करून तिचा वृत्तान्त १९२२ साली इंग्लंडातील एका प्रतिष्ठित वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते रूढ समजुतीच्या नेमके उलट होते. ज्या सुस्थित हिंदू आणि मुसलमान कुटुंबांत दूधतूप मुबलक होते, पण स्त्रिया पडद्यात आणि त्यांची तान्ही मुले त्यांच्यासमवेत घराच्या आत राहत, त्या कुटुंबांत हा रोग होता. आणि ज्यांच्या ताटात कोरड्या भाकरीपलीकडे काही नसे, पण ज्यांच्या आया मोलमजुरीला जाताना मूल पाठीला किंवा काखेला बांधून नेत, त्या घरांत तो जवळजवळ नव्हता. श्रीमंताच्या वाड्यात रोग आणि मजुराच्या झोपडीत आरोग्य, हा उलटा न्याय अन्नाच्या उपपत्तीने उलगडणे अशक्य होते. सूर्याच्या उपपत्तीने तो एका वाक्यात उलगडला. नाशिकच्या या पुराव्याने एक दुसरी शिकवणही दिली होती, ती अशी की ऊन देशात आहे एवढ्याने ते देहाला मिळते असे होत नाही. मध्ये घर असते, रूढी असते, वस्त्र असते. ही शिकवण पुढे ऐंशी वर्षे विस्मरणात गेली.

मुडदूस हा हाडांचा रोग खरा, पण त्याने मरणारी मुले बहुधा हाडांनी मरत नसत; ती छातीने मरत. बरगड्या मऊ पडल्या म्हणजे श्वास ओढताना छातीचा पिंजरा आत खचतो, कफ बाहेर टाकण्याचे बळ उरत नाही, आणि साधा पडसे-खोकला फुप्फुसात उतरतो, हे युरोपातील बालवैद्यांनी रुग्णशय्येजवळ वारंवार पाहिले होते. त्यामुळे कॉडलिव्हर तेल हे हाडांबरोबर छातीचेही औषध आहे अशी श्रद्धा घरोघरी रुजली. आपल्याकडे शहरातील सुखवस्तू घरांतून त्या तेलाची बाटली फडताळात दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेकडून येणारा माल बंद पडला तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर शार्क माशाच्या यकृताचे तेल काढण्याचा धंदा उभा राहिला; शाळकरी मुलांच्या एका पिढीने त्या तेलाचा वास आयुष्यभर विसरता येणार नाही इतक्या जवळून घेतला. ते तेल अ जीवनसत्त्वाने संपन्न होते, आणि त्याने पुष्कळांचे पोषण सुधारले असेल. परंतु ज्या मुलाला न्यूमोनिया झालाच आहे त्याला ते वाचविते, असे कोणी कधी पडताळून पाहिले नव्हते.

त्या मुलाला वाचविणारे औषध दुसऱ्याच वाटेने आले. १९३८ साली सल्फापिरिडीन, म्हणजे ज्याला लोक ‘एम अँड बी ६९३’ या नावाने ओळखत त्या गोळ्या, न्यूमोनियावर लागू पडल्या. त्यानंतर पेनिसिलिन आले, आणि १९५५ पासून पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात ते देशातच तयार होऊ लागले. तथापि कारखान्यात तयार झालेले औषध आणि मंगरूळच्या एखाद्या खेड्यातील धापा टाकणारे मूल यांच्यामध्ये कच्चा रस्ता, पावसाळ्यातील नाला, बैलगाडी, आणि दूरचा डॉक्टर असे सारे अंतर होते. ते अंतर तोडण्याचा मार्ग विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला सापडला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेच्या द्वारे ५८ गावांत गावातीलच कार्यकर्त्यांना व सुईणींना मुलाचे श्वास मोजण्यास आणि साधे प्रतिजैविक देण्यास शिकविले, शेजारची ४४ गावे तुलनेसाठी ठेविली, आणि १९९० साली ‘लॅन्सेट’ मध्ये त्याचे फळ प्रसिद्ध केले: मोहिमेच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी भरले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला साठ, वर्षाच्या आतील मुलाचे पन्नास आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा त्याहून अधिक श्वास झाले तर ते मूल धोक्यात आहे, हा जो साधा हिशोब आज आशाताईंच्या हातात आहे, त्याची उपयुक्तता जगाला पटविण्यात गडचिरोलीचा वाटा मोठा आहे.

एवढे झाल्यावर सूर्यसत्त्वाची गोष्ट खरे म्हणजे संपावयास हवी होती. पण ती संपली नाही, आणि तिने जे वळण घेतले ते या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे. १९९७ साली इथिओपियातील डॉक्टरांनी असे प्रसिद्ध केले की, न्यूमोनियाने रुग्णालयात आलेल्या पाचशे मुलांपैकी २१० मुलांना मुडदूस होता आणि तुलनेच्या पाचशे मुलांपैकी केवळ वीस जणांना. हिशोबाच्या दुरुस्त्या करूनही मुडदुसाच्या मुलाला न्यूमोनिया असण्याची शक्यता तेरापट भरली. २००० साली दिल्लीतील निरोगी माणसांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे प्रमाण अनपेक्षितपणे अल्प असल्याचे दिसून आले, आणि उन्हाच्या देशाला उन्हाच्या सत्त्वाची उणीव नसणार ही सर्वमान्य समजूत ढासळली. २००२ साली दिल्लीतच मोरी गेटच्या धुरकट वस्तीतील तान्ह्या मुलांची तुलना त्या वेळी स्वच्छ हवेच्या असलेल्या गुडगावच्या मुलांशी केली असता पहिल्यांच्या रक्तातील प्रमाण दुसऱ्यांच्या निम्म्याहून कमी भरले. नाशिकला जे काम पडद्याने केले होते ते दिल्लीत धुराने केले. आणि २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी शरीरातील संरक्षक पेशी जंतूची चाहूल लागताच ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने एक जंतुनाशक प्रथिन निर्माण करतात हे दाखविले, तेव्हा हे सत्त्व हाडांबरोबर रोगप्रतिकाराचेही आहे या कल्पनेला प्रयोगशाळेचा आधार मिळाला.

या मालिकेतील महाराष्ट्राचा दुवा इंदापूरचा. पुणे जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी बालकांच्या एका खासगी रुग्णालयात पाच वर्षांखालील १५० मुलांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ८० मुलांना तीव्र श्वसनविकार होता आणि ७० निरोगी मुले लस टोचून घेण्यास आलेली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, ज्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे प्रमाण लिटरमागे २२.५ नॅनोमोलच्या वर होते त्यांना तीव्र विकार असण्याची शक्यता इतरांच्या मानाने एक-दशांशाहूनही कमी होती. पहिले चार महिने निव्वळ आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांतही हा धोका पुष्कळ कमी दिसला. ज्या मुलांत मुडदुसाची कोणतीही बाह्य खूण नव्हती त्यांच्याही बाबतीत हा संबंध आढळावा, हे त्यातील नावीन्य होते. इंदापूर हे काही पडद्याचे शहर नव्हे की धुराची महानगरी नव्हे. ऊस, ज्वारी आणि ऊन यांचा तो मुलूख आहे, आणि हवापाण्याने तो वाशीमला दिल्लीपेक्षा कितीतरी जवळचा आहे. तेथे जर ही उणीव असेल तर कारंजा, रिसोड, मालेगाव, मानोरा येथे ती नसेल असे म्हणण्यास आधार काय?

या ठिकाणी विचाराचा एक धोकादायक उतार सुरू होतो. ज्या मुलांत उणीव आहे त्यांत रोग अधिक आहे, हे इंदापूरने आणि इथिओपियाने दाखविले; त्यावरून उणीव भरून काढली असता रोग हटेल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनावर होतो. परंतु दुबळे, खुरटलेले, धुरकट खोलीत वाढणारे आणि आईच्या दुधाला लवकर मुकलेले मूल उणिवेचेही असते आणि रोगाचेही असते. दोन्ही गोष्टी एकाच दारिद्र्यातून निघालेल्या असू शकतात. शिवाय तीव्र दाहात रक्तातील या सत्त्वाचे प्रमाण आपोआप उतरते असेही आढळून आले आहे, म्हणजे रोग हेच उणिवेचे कारण ठरण्याचा संभव उरतो. याचा निवाडा करण्याचा मार्ग एकच: काही मुलांना सत्त्व द्यावे, काहींना तसेच दिसणारे निरुपयोगी द्रव्य द्यावे, कोणाला काय दिले हे ना देणाऱ्याला कळू द्यावे ना घेणाऱ्याला, आणि मग फळाची वाट पाहावी.

असा पहिला मोठा निवाडा काबूलमध्ये झाला. तेथील मैवंद रुग्णालयात न्यूमोनियाने आलेल्या ४५३ मुलांना प्रतिजैविकाबरोबर एक लाख एककांची एकच मात्रा, अथवा तिच्या जागी निरुपयोगी द्रव्य, देण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार आजाराचे दिवस दोन्ही गटांत सारखेच राहिले. मात्र पुढील नव्वद दिवसांत पुन्हा न्यूमोनिया होण्याचे प्रमाण निरुपयोगी द्रव्याच्या गटात ५८ टक्के तर सत्त्वाच्या गटात ४५ टक्के भरले. आशेला जागा होती. म्हणून त्याच मंडळींनी काबूलच्या तीन हजारांहून अधिक तान्ह्या मुलांना दर तीन महिन्यांनी एक लाख एकके याप्रमाणे दीड वर्ष मात्रा दिली, आणि २०१२ साली ‘लॅन्सेट’ मध्ये त्यांनी स्वतःच्याच आशेवर पाणी ओतले: पहिल्या न्यूमोनियाचे प्रमाण मुळीच घटले नव्हते, आणि पुन्हा पुन्हा आजारी पडण्याचे प्रमाण तर सत्त्व घेणाऱ्यांत अधिकच भरले होते. ज्यांनी एक प्रमेय मांडले त्यांनीच ते मोठ्या प्रयोगाने खोडावे आणि दोन्ही निष्कर्ष सारख्याच स्पष्टपणे छापावेत, यात विज्ञानाचे जे शील दिसते ते कोणत्याही विजयापेक्षा कमी मोलाचे नाही.

दिल्लीनेही तीच साक्ष दिली. गुरू तेगबहादूर रुग्णालयात तीव्र न्यूमोनियाच्या दोनशे मुलांना पाच दिवस रोज वयाप्रमाणे हजार किंवा दोन हजार एकके देण्याचा प्रयोग झाला, आणि २०१२ साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ मध्ये त्याचा वृत्तान्त आला: रोग उतरण्यास सत्त्वाच्या गटात साधारण ७२ तास आणि दुसऱ्या गटात ६४ तास लागले, आणि हा फरकही योगायोगाच्या मर्यादेतला होता. मात्रा फार लहान होती असे म्हणावे तर २०१६ साली त्याच नियतकालिकात ३२४ मुलांवरील दुसरा प्रयोग आला, ज्यात लाख एककांची एकच मात्रा दिलेली होती. तेथे दोन्ही गटांची वेळ ३० आणि ३१ तास अशी जवळजवळ एक ठरली, आणि पुढील सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडण्यातही फरक दिसला नाही. जगभरच्या अशा प्रयोगांची एकत्र छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या पाहणीने, जिचे नेतृत्व भारतीय डॉक्टरांनीच केले, २०१८ साली आणि पुन्हा २०२३ साली असा निर्वाळा दिला की, न्यूमोनियाच्या उपचारात प्रतिजैविकाच्या जोडीला ड जीवनसत्त्व दिल्याने काही निश्चित लाभ होतो असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. सर्व वयांच्या लोकांतील श्वसनविकार टाळण्याविषयी २०१७ साली काढलेल्या एका मोठ्या एकत्रित हिशोबात रोजच्या किंवा आठवड्याच्या अल्प मात्रेचा थोडा लाभ दिसला होता; २०२५ साली नव्या प्रयोगांची भर पडताच तोही संशयाच्या सीमेवर आला.

मग या शंभर वर्षांच्या कैफियतीचा निकाल काय द्यावा? सूर्यसत्त्व निरुपयोगी ठरले, असा निकाल देणे हा अन्याय होईल. मुडदुसावर ते आजही अमोघ आहे; देशव्यापी पोषण पाहणीत, २०१६ ते २०१८ च्या दरम्यान, शाळेत जाण्याच्या वयापूर्वीच्या मुलांत १४ टक्के आणि किशोरवयीन मुलामुलींत २४ टक्के इतकी ही उणीव आढळली, आणि म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना प्रत्येक बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० एकके देण्याची शिफारस करते. दिल्लीतील कमी वजनाच्या दोन हजारांवर नवजात बालकांना दर आठवड्याला हे सत्त्व दिले असता, २०११ च्या वृत्तान्ताप्रमाणे, मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही, परंतु बालकांची वाढ सुधारली. म्हणजे ज्या कामासाठी त्याची नेमणूक निसर्गाने केली आहे ते काम ते चोख करते. त्याला दुसऱ्याच्या ओहद्यावर बसविले की मात्र घोटाळा होतो. आग लागलेल्या घराची भिंत मजबूत करणे शहाणपणाचे असले तरी त्या क्षणी पाणीच लागते, त्याप्रमाणे ज्या मुलाचा श्वास आता, या घटकेला, मिनिटाला साठच्या वर गेला आहे त्याला प्रतिजैविक हवे, ओठ निळे पडत असतील तर प्राणवायू हवा, आणि ते दोन्ही जेथे मिळतात तेथे तासाभरात पोहोचण्याचे साधन हवे. शिवाय साठ हजार एककांच्या पुड्या औषधांच्या दुकानांतून सहज मिळतात, आणि अधिक दिल्याने अधिक गुण येतो या समजुतीने त्या तान्ह्या मुलाला वारंवार दिल्या तर रक्तातील चुन्याचे प्रमाण वाढून मूत्रपिंडांना इजा होते, हेही विसरता कामा नये. युद्धोत्तर इंग्लंडात दुधात व बालान्नात या सत्त्वाची भर अती झाल्यामुळे १९५० नंतरच्या काही वर्षांत तान्ह्या मुलांत असा विकार दिसू लागला आणि सरकारला त्या मात्रा कमी कराव्या लागल्या, हा इतिहास फार जुना नाही.

वाशीम जिल्ह्याच्या दृष्टीने या निकालाला व्यावहारिक अर्थ आहे. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील जे जिल्हे विकासात मागे म्हणून आकांक्षित ठरविले, त्यांत महाराष्ट्राचे नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम हे चार होते. अशा जिल्ह्यात सरकारी तिजोरीतला रुपया कोठे खर्ची पडावा हा प्रश्न पुस्तकी नसतो. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्राने ‘सांस’ नावाची मोहीम काढली, तीत आशाताईंनी घरी जाऊन श्वास मोजावेत, धोक्याच्या मुलाला पहिली मात्रा देऊन पुढे पाठवावे, असे ठरले. २०२१ पासून महाराष्ट्रात न्यूमोकोकसविरुद्धची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली, आणि हिमोफिलस जंतूविरुद्धचे संरक्षण पंचगुणी लसीतून त्याआधीच आले होते. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. न्यूमोनियाने जगात २०१९ साली पाच वर्षांखालील ७,४०,००० हून अधिक बालके गेली, म्हणजे त्या वयातील दर सात मृत्यूंतील एक. ज्या जिल्ह्याने पूर्वी हा मृत्यू तापाच्या सदरात दडलेला पाहिला, त्याला हा रोग नावानिशी ओळखणारी माणसे, त्यावरील औषध आणि त्याला अडविणारी लस ही तिन्ही एकाच पिढीत मिळावीत, हा फरक किरकोळ नव्हे.

नाशिकच्या पाहणीपासून काबूलच्या प्रयोगापर्यंतचा हा मार्ग पाहिला असता एक गोष्ट निर्विवाद दिसते. नाशिकने जे सांगितले ते खरे होते, इंदापूरने जे पाहिले तेही खरे होते, आणि काबूल व दिल्ली यांनी जे नाकारले तेही खरेच आहे. त्यांच्यात विरोध भासतो तो आपण रोगाशी असलेला संबंध आणि रोगाचे औषध यांना एकच समजतो म्हणून. उणीव ही रोगाची भूमी तयार करीत असलीच, तरी ती भूमी वर्षानुवर्षे, आईच्या पोटातल्या महिन्यांपासून, नांगरली गेलेली असते. रुग्णालयाच्या खाटेवर पाच दिवसांत दिलेल्या थेंबांनी ती बदलावी ही अपेक्षाच अवास्तव होय. म्हणून वाशीमच्या मातेने बाळाला अंगणात उन्हात न्यावे, चूल धुरापासून दूर मांडावी, सहा महिने निव्वळ अंगावर पाजावे, डॉक्टरांनी सांगितलेले थेंब वर्षभर रोज द्यावेत. आणि बरगडीखाली खळगा पडताना दिसला की यांपैकी कशाचाही विचार न करता मुलाला उचलून दवाखान्याची वाट धरावी. पहिली सारी कामे सवडीने, वर्षभर करावयाची आहेत आणि शेवटचे एक काम घटकेत करावयाचे आहे. या दोन काळांची गल्लत न होऊ देणे हेच या विषयातील शास्त्राचे आणि सरकारी कारभाराचे मुख्य कर्तव्य होय.